मी सांगितलं तेवढंच

पोखर्णी,
२१ जुलै २०२४

आदरणीय सूर्यभानकाकांना,
सविनय जय भीम.

मला अक्षर दिसत नाही, मग पत्र कसं लिहिलं म्हणून नवल वाटेल तुम्हाला. मी मोबाइलमध्ये बोलते, तो टाइप करतो आणि कॉलेज रोडवरचा हरिओम झेरॉक्सवाला छापून देतो. छापण्याआधी एकदा वाचून दाखवतो. त्याला मी बजावलंय, ‘शब्द चुकला असला तर मला विचार. मनानं दुरुस्त करू नको.’ हे बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. पण आता काढत नाही.

तुम्ही फोन उचलत नाही. मे महिन्यापासून किती वेळा लावला ते सांगत बसत नाही. तुमचा पूर्णेचा पत्ता तुमच्याबरोबर नोकरी केलेल्या महारुद्रमामांकडून मिळवला. ते अजून आमच्या गाडीवर असतात. पत्ता द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘भांडायला पाहिजे का?’ मी नाही म्हटलं, मग दिला.

निकाल लागला. चौथ्या सेमिस्टरचे बाकीचे पेपर सुटले. व्यापारी कायद्यापुढं ‘राखून ठेवला’ असं आलंय. नांदेडला विद्यापीठात चौदा ऑगस्टला चौकशी आहे. तुम्हालाही कागद आला असेल.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूनं एकदा सांगू द्या. आपल्याला नेहमीसारखी टोकाची वेगळी खोली होती. मी सांगत होते, तुम्ही लिहीत होता. प्रश्न होता, वयात न आलेल्या मुलाशी केलेल्या कराराचा. मी सांगितलं, ‘तो करार त्या मुलाला वाटलं तर रद्द करता येतो.’ तेवढ्यात भरारी पथकाचे सर आत आले, तुमच्या मागं उभे राहिले आणि म्हणाले, ‘आता लिहिलेलं वाचा.’ तुम्ही वाचलं, ‘असा करार मुळातूनच रद्दबातल असतो.’ बरोबर उत्तर तेच होतं, पण ते माझं नव्हतं.

सरांनी मला विचारलं, ‘तू हेच सांगितलंस का?’

मी म्हणाले, ‘नाही सर. मी असं सांगितलं नव्हतं.’

पुढचं मी फक्त ऐकलं. खुर्ची सरकली. सर तुमचं नाव, वय, शिक्षण विचारत होते. भरलेल्या बसमध्ये मागच्या सीटपर्यंत पोचणारा तुमचा आवाज, त्या दिवशी मला शेजारी बसून ऐकू येईना. जाताना तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत.

एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, पण एक केस झाली नाही, हे तुम्ही किती अभिमानानं सांगायचा. तपासणीवाले कुठंही चढोत, तुमचं सगळं चोख. आणि रिटायर झाल्यावर केस झाली ती माझ्या पेपरात.

काका, मी माफी मागायला लिहीत नाही. मी खोटं बोलले नव्हते. पण तुमच्याबद्दल मला जे वाटतं ते तेवढ्या एका वाक्यात संपत नाही, हे तुम्हाला कळायला पाहिजे. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा परभणीच्या आठच्या गाडीत दारालगतच्या सीटवर बसून पुटपुटत होते. तुम्ही विचारलंत, ‘काय पाठ करायलीस, माय?’ मी म्हणाले, व्यवस्थापनाची तत्त्वं. तुम्ही म्हणालात, ‘म्हंजे बी.कॉम. मीबी नाव घातलं हुतं. नोकरी लागली, र्‍हाऊन गेलं.’ पहिल्या सेमिस्टरला माझा मावसभाऊ लेखनिक होता. मी सांगायची आणि तो म्हणायचा, ‘बास की आता, किती सांगतीस.’ दोन विषय राहिले. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुमची नोकरी संपायला महिना उरला होता. म्हणालात, ‘लेखनिक बारावीपर्यंतचाच लागतो ना? मग मी हाय की.’

तीन सेमिस्टर तुम्ही पूर्णेहून स्वतःच्या पैशानं आलात. पुस्तकं वाचून माझ्या मोबाइलमध्ये भरलीत. त्या रेकॉर्डिंगमध्ये परभणीच्या स्टँडवरच्या सगळ्या गाड्या ऐकू येतात. अजून त्याच्यावरच अभ्यास करते.

पत्राचं उत्तर नाही दिलं तरी चालेल. मिळालं एवढं कळवा.

तुमची,
शुभदा

—

पोखर्णी,
१ सप्टेंबर २०२४

आदरणीय काका,
जय भीम.

तुम्ही नांदेडला आला नाहीत. बाबांनी गवंडीकामाचा खाडा केला आणि माझ्याबरोबर आले. दारातून कुणी आत गेलं की मी त्यांना विचारायची, ‘काका आहेत का?’ चौथ्यांदा बाबा म्हणाले, ‘आले तर मी सांगीन की.’

आत तिघंजण होते. तुम्ही पाठवलेलं लेखी निवेदन त्यांनी मोठ्यानं वाचलं. ‘मुलीला अक्षर दिसत नाही. मी काय लिहिलं हे तिला कळायला मार्ग नव्हता. मी माझ्या मर्जीनं लिहिलं. दुसऱ्या सेमिस्टरलाही एका पेपरात एक उत्तर बदललं होतं, तेही तिला माहीत नव्हतं. जी शिक्षा असेल ती मला द्यावी. मुलीचं वर्ष वाया घालवू नये.’

दुसऱ्या सेमिस्टरचं तुम्हाला कुणी विचारलं होतं? ते कुणाला कधी कळलं नसतं. तरी तुम्ही सांगितलंत.

त्यांनी मला एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं आणि आम्ही बाहेर आलो. परवा निकालाचा कागद आला. माझा फक्त तो एक पेपर रद्द. हिवाळी परीक्षेत पुन्हा द्यायचा. तुम्हाला यापुढं कुणाचाही लेखनिक होता येणार नाही.

बाबांनी कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला, घडी घातली आणि म्हणाले, ‘सख्खं माणूस एवढं अंगावर घेत न्हाई.’ काका, माझं वर्ष तुमच्यामुळं वाचलं. तुमचे आभार कसे मानू ते मला खरंच कळत नाही.

कॉलेजात पंधरा ऑगस्टला माझा सत्कार झाला. प्रामाणिकपणाबद्दल. प्राचार्यांनी शाल दिली, मुलींनी टाळ्या वाजवल्या. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

शुभदा

—

पोखर्णी,
१० नोव्हेंबर २०२४

काका,
जय भीम.

हे पत्र मी तीनदा बोलले आणि तीनदा पुसलं. आता पुसणार नाही.

मला नवी लेखनिक मिळाली. राजेश्री नाव. बारावीत शिकते, आमच्या शेजारच्या गल्लीतली. गुणी आहे, अक्षर मोठं काढते म्हणे. काल सराव करताना तिनं विचारलं, ‘ताई, तुमचं उत्तर चुकलेलं मला कळलं तर सांगू का?’ मी म्हटलं, ‘नको. मी सांगितलं तेवढंच लिही.’ तर ती म्हणाली, ‘म्हणून तर तुमचा सत्कार झाला.’

मला तिथं बसवेना. उठून मागच्या दारात गेले.

नांदेडला त्यांनी मला विचारलं होतं, ‘दुसऱ्या सेमिस्टरला उत्तर बदललं, ते तुला माहीत नव्हतं, हे खरं आहे का?’ मी म्हणाले, ‘हो, खरं आहे.’

ते खोटं होतं. मला माहीत होतं.

व्यवस्थापनाचा पेपर होता. मला शेवटच्या प्रश्नाचं नीट येत नव्हतं. मी दोन वाक्यं सांगून थांबले, पण तुमचं पेन थांबलं नाही. दोन वाक्यांना लागतो त्याच्या तिप्पट वेळ ते चालत राहिलं. डोळे नसले की कान काय काय ऐकतात ते तुम्हाला सांगायला नको. मला तेव्हाच कळलं. मी ओठ मिटून बसले. त्या पेपरात मला एकसष्ट मिळाले आणि मी गल्लीत साखर वाटली.

आणि मे महिन्यात मी खरं बोलले, तेही प्रामाणिकपणानं नाही. पथकाचे सर कधी आत आले ते मला कळलं नव्हतं. मी उत्तर सांगताना ते दारात असतील, त्यांनी ऐकलं असेल, या भीतीनं माझ्या तोंडून ‘नाही’ निघालं. ते आले नसते तर मी बोलले असते का? माहीत नाही. बहुतेक नसते.

तुम्ही एकट्यानं सगळं अंगावर घेतलंत, आणि मी शाल पांघरून घेतली. मागच्या पत्रात ‘एक प्रश्न विचारला, उत्तर दिलं’ एवढंच लिहिलं होतं. कारण हेच.

उद्या प्राचार्यांना भेटून हे सगळं सांगणार आहे. दुसऱ्या सेमिस्टरचा तो पेपरही रद्द करा, मी पुन्हा देते, असा अर्ज आजच तयार केलाय. आई म्हणते, ‘मिटलेलं कशाला उकरायलीस? पोरीच्या जातीला दहा बोटं दाखवतील.’ बाबा सकाळी मला कॉलेजपर्यंत सोडतो म्हणाले.

हरिओम हे वाचून दाखवता दाखवता थांबला. म्हणाला, ‘ताई, हे छापू?’ म्हटलं, छाप.

शुभदा

—

पोखर्णी,
१३ एप्रिल २०२५

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

उद्या भीमजयंती आहे. गल्लीत मांडव घालायलेत, त्या गोंधळात बोलतेय, म्हणून मध्येच काही भलतं टाइप झालं तर समजून घ्या.

प्राचार्यांनी माझा अर्ज ऐकून घेतला. मग म्हणाले, ‘हे सांगायला आली नसतीस तरी चाललं असतं, हे तुला माहीत आहे ना?’ मी हो म्हटलं. त्यांनी अर्ज पुढं पाठवला. विद्यापीठानं तो पेपर रद्द केला, आता याच उन्हाळी परीक्षेत द्यायचा. आणखी शिक्षा केली नाही. शाल मी परत करायला गेले होते, ती मात्र त्यांनी घेतली नाही.

व्यापारी कायदा हिवाळ्यात पुन्हा दिला. त्रेचाळीस पडले. कराराचा प्रश्न नेमका आला होता, या वेळी बरोबर सांगितला. बाकीचेच दोन चुकले!

सहाव्या सेमिस्टरची परीक्षा बावीस तारखेला सुरू होते. राजेश्रीला काल कांजिण्या निघाल्या. बिचारी फोनवर रडत होती, मीच तिला समजावलं. दुसरं कुणी मिळतंय का ते कॉलेजातले सर बघायलेत. मिळेल कुणीतरी. नाही मिळालं तर पुढच्या परीक्षेला बसेन.

तुम्हाला मुद्दाम त्यासाठी लिहिलं असं समजू नका. तुम्हाला आता बंदी आहे हे मी विसरले नाही. मला फक्त सांगायचं होतं की अभ्यास पूर्ण झालाय. आयकराची शेवटची दोन प्रकरणं मी स्वतः ऐकून ऐकून बसवली. मी करू शकते असं मला वाटायला लागलंय, त्याची सुरुवात तुमच्यापासून झाली, मध्ये काहीही झालेलं असलं तरी.

शुभदा

—

पोखर्णी,
४ मे २०२५

प्रिय काका,
जय भीम.

परीक्षा संपून दोन दिवस झाले. तुम्ही रोज गेटाबाहेर बसलात, म्हणून आतलं तुम्हाला मी सांगते.

एकवीस तारखेला कॉलेजातून फोन आला, लेखनिक मिळाली, बारावीची गुणपत्रिका घेऊन ऑफिसात आलीय. कोण, कुठली, काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी खोलीत बांगड्यांचा आवाज आला आणि कुणीतरी म्हणालं, ‘शुभदाताई, मी रुख्मिणी. पूर्णेहून आले.’

पूर्णा म्हटल्याबरोबर मी त्या आवाजाकडं वळले. मी विचारलं, ‘तुम्हाला कुणी पाठवलं?’

‘आमच्या मामंजींनी. ते गेटाबाहेर हायत. आत यायची बंदी हाय म्हणले.’

काका, बंदी लिहायची आहे. कॉलेजात पाय ठेवायची नाही. हे प्राचार्यांनी तुम्हाला दोनदा बाहेर येऊन सांगितलं, तरी तुम्ही दहा दिवस उन्हात त्या लिंबाखालीच बसलात.

रुख्मिणीवहिनी फार सावकाश लिहितात. पहिल्या पेपरात वेळ पुरेना. पण प्रत्येक उत्तर न सांगता वाचून दाखवायच्या. एका ठिकाणी त्या थबकल्या. म्हणाल्या, ‘ताई, असंच लिहू?’ त्या आवाजावरून मला कळलं की काहीतरी चुकलंय. मी विचार केला, पण सुचलं नाही. म्हटलं, ‘असंच लिहा.’ त्यांनी लिहिलं. पेन माझ्या वाक्याबरोबरच थांबलं.

पहिल्या दिवशी गेटावर आपण बोललो ते मी घरी शब्दाला शब्द सांगितलं. तुम्ही आधी पाण्याची बाटली हातात दिलीत. मी विचारलं, ‘माझी पत्रं मिळाली का?’

‘चारी मिळाली. दोन-दोन डाव वाचली.’

‘मग उत्तर का नाही दिलं?’

‘मी लिहिलं असतं तर तुला वाचून दाखवायला तिसरं माणूस लागलं असतं. आपलं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून कशाला?’

‘मग फोन तरी उचलायचा.’

‘लाज वाटायली, माय. तुझा राग न्हाई आला. लाज वाटायली.’

मग मी विचारलं, दुसऱ्या सेमिस्टरचं मला माहीत होतं हे वाचून तुम्हाला काय वाटलं. तुम्ही हसलात. किती महिन्यांनी ऐकलं ते हसणं! म्हणालात, ‘मला तव्हाच कळलं हुतं. तू दर उत्तर वाचून घेतीस. ते एक वाचून घेतलं न्हाईस. म्हणूनच तर माझी हिंमत वाढली. त्या दिवशी पथकापुढं तू बोलली नसतीस तर पुढच्या पेपराला मी अख्खा पेपर माझ्या मनानं लिहिला असता. भिऊन बोललीस का कशानं, बोललीस ते बरं केलंस.’

आणि थोड्या वेळानं तुम्ही जे बोललात ते माझ्या मनातून जात नाही. ‘मला वाटायचं मी पोरीला मदत करायलोय. घरी बसून इचार केला. तुझं खोडून माझं लिहिलं, म्हंजे तुला जमणार न्हाई असं मीच धरून चाललो की. सगळं गाव तेच म्हणत हुतं. त्यात मी एक.’

त्याचं उत्तर आता देते. गावात अनेकांनी म्हटलं, हिला जमणार नाही, आणि ते आपापल्या घरी गेले. तुम्हीही मनात कुठंतरी तेच म्हटलं असेल, पण रोज पूर्णेहून आलात. चुकलात, ते कबूल केलंत, शिक्षा घेतलीत आणि तरी बारावी झालेली सून घेऊन परत आलात. त्या माणसाला मी गावात धरत नाही.

शेवटच्या पेपरानंतर वहिनी म्हणाल्या, ‘ताई, मला ह्यातलं बरंच कळलं की. मला वाटलं हुतं लय अवघड असतंय.’ मी म्हटलं, मामंजींना सांगा. तर म्हणाल्या, ‘तुमीच सांगा. तुमचं ऐकतेत.’

म्हणून सांगते. त्यांना शिकू द्या.

तुमची,
शुभदा

—

पोखर्णी,
२० जुलै २०२५

प्रिय काका,
जय भीम.

निकाल लागला. मी बी.कॉम. झाले. दुसऱ्या सेमिस्टरच्या त्या पेपराला चोपन्न मिळाले, पूर्वीपेक्षा सात कमी. सगळे मिळून चौसष्ट टक्के. परभणीतच एम.कॉम.ला नाव घालतेय.

काल वहिनींचा फोन आला. पूर्णेच्या कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला म्हणाल्या, आणि नातवाला दिवसभर तुम्ही सांभाळणार म्हणे. मागून तुम्ही ओरडत होता, ‘तिला सांग, ते रडत न्हाई माझ्यापाशी!’ आणि ते पोर चांगलंच रडत होतं. मी आणि वहिनी किती वेळ हसलो.

मला पदवी मिळाली तिच्यावर एकटीचं नाव आहे. पण ती मिळेपर्यंत माझं किती जणांनी ऐकून घेतलं! मावसभाऊसुद्धा कंटाळत का होईना, एक सेमिस्टर बसला होता. काल त्यालाही फोन करून आभार मानले. तो म्हणाला, ‘माझे कशाला? मी तर दोन विषय घालवले तुझे.’

निकालाच्या दिवशी बाबा परभणीहून पेढ्यांचा पुडा घेऊन आले. आईनं तो फोडायला घेतला तर त्यांनी तिच्या हातातून काढून फळीवर ठेवला. म्हणाले, ‘पहिला त्यांना. मग घरात.’ तीन दिवस झाले, घरात कुणी पेढा खाल्लेला नाही. आई जाता-येता त्या पुड्याकडं बघते म्हणे.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी आणि बाबा पूर्णेला येतोय. घरीच थांबा.

तुमची,
शुभदा